मागचा पाय दोन बोटं खाली

गाडीच्या कडेला बसवलेलं कापडी छत उघडायला दोन माणसं लागतात. सोबत आलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे.

छत गाडीच्या टपावर, डाव्या कडेला, एका लांबट पिशवीत असतं. पिशवीची चेन उघडली की आत नळीभोवती गुंडाळलेलं कापड दिसतं. एकाने नळीचं पुढचं टोक धरायचं, दुसऱ्याने मागचं, आणि दोघांनी एका चालीने मागे सरकत कापड उलगडत न्यायचं. पाच पावलं होतात. मग नळीत दडवलेले दोन पाय खाली सोडायचे, त्यांची उंची बसवायची, गाडीपासून नळीपर्यंत दोन आडवे दांडे ताणायचे, शेवटी दोर आणि खुंट्या. आम्हा दोघांना याला सहा मिनिटं लागत. बंद करायला नऊ. बंद करणं जास्त अवघड, कारण गुंडाळताना एक टोक पुढे गेलं की कापड तिरकं होतं, नळी एका बाजूला जाड होते आणि चेन लागत नाही.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा छायाचित्रकार मित्र. सोलापुरातल्या एका दैनिकात मी जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक होतो आणि तो फोटो काढायचा. सव्वीस वर्षं आम्ही एकाच खोलीत बसलो. त्याचं घर पूर्व भागात, विणकरांचं. वडील आणि दोन काका मागावर होते. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मला तो नावाने कधी हाक मारत नसे. उपसंपादक म्हणायचा, निवृत्तीनंतरही.

मी एकटा राहतो. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे आवश्यक नाहीत.

निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. आधी ती शाळेची मुलं नेत असे. गॅरेजवाल्याने आतली बाकं काढली, दोन फळ्यांची झोपायची सोय केली, मागे शेगडीसाठी कोनाडा केला. मित्राला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. उजनीच्या पाण्याला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्या वेळेला पाण्याच्या काठावर हजर असावं एवढी त्याची इच्छा. माझी इच्छा काय, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिल्या मार्चमध्येच कळलं की सावलीशिवाय ही गाडी निरुपयोगी आहे. आमच्याकडे मार्च ते जून दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. आत बसणं म्हणजे डब्यात बसणं. म्हणून छत मागवलं. पुस्तिकेत त्याला ऑनिंग म्हटलेलं होतं. मित्राने पहिल्या दिवसापासून त्याला मांडव म्हणायला सुरुवात केली.

“तुझं लग्न तर झालंच न्हाई,” तो म्हणाला. “निदान मांडवाखाली तरी बसून घे.”

पहिली चूक आम्ही छत एकदाही न वापरता केली.

खोकं उघडल्यावर त्याने कापड दोन बोटांत धरून चोळलं. ते कडक होतं आणि त्याचा करकर आवाज येत होता. त्याने ते नाकाला लावलं.

“ह्याच्यात खळ हाय की,” तो म्हणाला. “काढायला पायजे.”

मागावर सूत चढवण्याआधी त्याला खळ देतात, म्हणजे एक प्रकारची पेज. धागा तुटू नये म्हणून. नवीन चादर म्हणूनच कडक लागते. ती पहिल्यांदा गरम पाण्यात, सोडा घालून, चांगली भिजवून धुवावी लागते. मग कापड मऊ होतं आणि वापरायला लायक होतं. हे त्याच्या घरात लहान मुलालाही माहीत. मला माहीत नव्हतं, आणि कापडाच्या बाबतीत मी त्याच्याशी वाद घालण्याचा प्रश्न नव्हता. पुस्तिका इंग्रजीत होती. ती मी वाचायची होती. मी उघडण्याचं आणि बंद करण्याचं पान वाचलं आणि निगा राखण्याचं पान नंतरसाठी ठेवलं.

आम्ही कापड ते अडकवायच्या पट्टीतून सरकवून काढलं, त्याच्या घरी नेलं आणि मागच्या अंगणातल्या हौदात सोडा घालून रात्रभर भिजवलं. सकाळी त्याच्या बायकोने आणि त्याने ते पायांनी तुडवलं. पाणी पिवळट निघालं. तो खूश होता. “बघ किती खळ निघाली,” असं त्याने मला तीनदा दाखवलं. गच्चीवर वाळत घातल्यावर कापड खरोखरच मऊ झालं. अंगावर घेण्याजोगं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा आम्ही मोहोळच्या अलीकडे एका पेट्रोलपंपामागे थांबलो होतो. छत उघडलेलं होतं. दहा मिनिटांत त्याखाली आणि बाहेर सारखाच पाऊस पडू लागला. मित्र खुर्चीवरून उठला नाही. कॅमेरा शर्टाखाली घेऊन बसून राहिला.

“उपसंपादक,” तो म्हणाला, “ती खळ नव्हती वाटतं.”

तेव्हा मी निगा राखण्याचं पान वाचलं. कडकपणा पाणी अडवणाऱ्या लेपाचा होता. सोडा, साबणाची पूड, गरम पाणी, ताठ ब्रश आणि तुडवणं यांपैकी काहीही करू नये असं लिहिलेलं होतं. आम्ही ब्रश सोडून सगळं केलं होतं.

बाजारात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. आम्ही कापड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि चष्म्याच्या वरून आमच्याकडे पाहिलं.

“क्या कर डाले तुम लोगां?” ते म्हणाले. “अच्छे कपडे की जान निकाल दिये ना.”

मित्राने माझ्याकडे बोट केलं. “ये पढ़े-लिखे हैं. किताब इनके पास थी.”

त्यांनी एक बाटली दिली. लेप पुन्हा चढवायची. कोरडं, स्वच्छ कापड, रुंद ब्रश, एक हात उभा, एक हात आडवा, दोन्हींमध्ये एक दिवस, आणि सगळं सावलीत. शिवणींच्या रेषांवर आतल्या बाजूने मेण चोळायचं, कारण सुईच्या भोकांतून पाणी सगळ्यात आधी येतं. हे आम्ही केलं. नंतर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळत गेले. मित्राने त्या थेंबांचे फोटो काढले. पक्ष्यांच्या आधी त्याने या गाडीतून काढलेले चांगले फोटो तेच आहेत.

त्यानंतरची तीन वर्षं छत नीट चाललं. आम्ही करमाळ्याकडे गेलो, नातेपुत्याच्या बाजूला गेलो, पण सगळ्यात जास्त वेळा जेऊरच्या पुढे उजनीच्या काठाला. जेऊरच्या स्टेशनाबाहेर चहा, मग कच्च्या रस्त्याने पाण्यापर्यंत. तिथे बाभळीसुद्धा विरळ आहेत. सावली आपली आपण न्यावी लागते.

काम वाटलेलं होतं. पुढचं टोक माझं, मागचं त्याचं. तो तुकडी हलवणाऱ्यासारखा हुकूम देत असे आणि त्या हुकमात एक तेलुगू शब्द होता: आगू. थांब. माझं टोक पुढे गेलं की “आगू”. कापडाला घडी पडतेय असं दिसलं की “आगू”. पाय उंचीला आला की “आगू”. त्याच्या घरी मागावर दोघंजण ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना हाच शब्द वापरत. मला तेलुगू येत नाही. हा एक शब्द येतो.

मागचा पाय पुढच्यापेक्षा दोन बोटं खाली ठेवायचा हाही त्याचाच नियम. उतार नसला तर पाणी मध्ये साचतं, कापडाला पोट येतं आणि त्या वजनाने नळी वाकते. तो पाऊस नसतानाही दोन बोटं मोजून पाय खाली घ्यायचा. नोव्हेंबरात, आकाशात ढग नसताना, मी एकदा त्याला हे दाखवून दिलं.

“पान छापायला जाताना तू एकदा परत वाचायचास का न्हाई?” त्याने विचारलं.

“वाचायचो.”

“रोज चूक सापडायची का?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. डावी बाजू गेली. सहा आठवड्यांनी तो आधाराने उभा राहू लागला, पण डावा हात आला नाही. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं. ते योग्यच होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. सामान दारात होतं. तो पलंगावर बसला होता आणि बोलताना शब्दांच्या कडा थोड्या पुसलेल्या येत होत्या.

“म्हयन्यातनं एकदा मांडव उघडत जा,” तो म्हणाला. “कापड बंद ठिवलं की मरतंय. घडी पडती, मग घडीवरच फाटतंय.”

“उघडेन.”

“एकट्यानं जमंल का?”

“बघतो.”

“जानेवारीत मी येतो. उजनीला. मांडवाखाली बसतो, पक्षी बघतो. फोटू न्हाई तर न्हाई. मी खुर्चीवरनं सांगणार, तू पाय बसवायचे.”

एवढंच ठरलं. जानेवारीत तो येईल तेव्हा छत शाबूत असायला हवं होतं आणि मला ते एकट्याने उघडता यायला हवं होतं. या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. बाकीच्या त्याच्या मुलाकडे आणि डॉक्टरांकडे.

पहिल्यांदा मी ते आमच्या सोसायटीच्या आवारात एप्रिलमध्ये उघडायला घेतलं. पुढचं टोक धरून ओढल्यावर मागचं टोक लोंबकळलं आणि नळी गाडीच्या काचेवर आपटली. काचेला केसासारखी चीर गेली. ती अजून आहे. सोसायटीचे वॉचमन गेटवरून पाहत होते. त्यांचं वय माझ्याएवढंच आहे.

“साहेब, कुणाला तरी बोलवून घ्या की,” ते म्हणाले.

“कुणाला?” मी विचारलं. मला खरोखर माहिती हवी होती.

त्यांनी थोडा विचार केला आणि स्वतःच आले. मागचं टोक धरलं. ताकद चांगली होती, पण ते ओढत होते, सरकत नव्हते. मी दोनदा आगू म्हणालो. ते थांबले नाहीत, कारण तो शब्द त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी थांबा म्हणालो तोपर्यंत कापड एक वीत तिरकं झालं होतं. ते पुन्हा गुंडाळून सरळ करायला आम्हाला अर्धा तास लागला. मी त्यांचे आभार मानले. उजनीच्या काठाला वॉचमन नसणार हे उघड होतं.

एकट्याने करण्याची रीत मला मे महिन्यात सापडली. कापड हातभरच उलगडायचं, तेवढ्यात दोन्ही पाय खाली सोडून नळी उभी करायची. मग पुढचा पाय उचलून एक वीत बाहेर न्यायचा, ठेवायचा. चालत मागच्या टोकाला जायचं. तो पाय एक वीत बाहेर. परत पुढे. दोन्ही पाय असे आळीपाळीने, प्रत्येक खेपेला फक्त एक वीत. वारा असेल तर प्रत्येक खेपेला दोर बांधायचा. गुंडाळतानाही तसंच: पुढच्या टोकाला अर्धा वेढा, चालत जाऊन मागच्या टोकाला अर्धा वेढा. उघडायला चाळीस मिनिटं लागत, बंद करायला एक तास. त्यातला बराच वेळ चालण्यात जातो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किती वेळा गेलो हे मी एकदा मोजलं होतं. चौतीस.

मे, जून आणि जुलैत ठरलेल्या दिवशी मी ते उघडलं, दोन तास उघडं ठेवलं, हातभर लांब ब्रशने धूळ काढली आणि बंद केलं. त्या दोन तासांत खाली बसण्यासारखं काही नव्हतं. समोर पार्किंगची भिंत. मी एक खुर्ची काढायचो. वर्तमानपत्र वाचायचो आणि त्यातल्या चुका मनात दुरुस्त करायचो.

ऑगस्टमध्ये छत उघडलेलं असताना सर आली. फार मोठी नव्हती. लेपाने पाणी अडवलं. मग पाऊस थांबला, पण आकाश तसंच राहिलं आणि पुन्हा येईल असं दिसत होतं. कापड ओलं असताना गुंडाळू नये हा या वस्तूचा पहिला नियम आहे. गुंडाळावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावं. मला नियम माहीत होता. मी ओलं कापड गुंडाळलं, उद्या उघडू असं ठरवलं आणि वर गेलो.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी नव्हता. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो नाही. चौथ्या दिवशीही नाही. आजारी नव्हतो, काम नव्हतं. चौतीस वेळा इकडून तिकडे चालायचं, मग भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि पुन्हा चौतीस वेळा चालायचं, एवढंच होतं, आणि ते मी केलं नाही. याहून बरं कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

बाविसाव्या दिवशी चेन उघडली. वास आधी आला. ओल्या पोत्याचा. कापडाच्या मधल्या भागात, जिथे वेढे सगळ्यात दाट होते, तिथे बुरशीचे काळे ठिपके पडले होते. मोहरीएवढे, शेकडो, आणि एका पट्ट्यात एकमेकांत मिसळून तळव्याएवढे डाग.

त्याच संध्याकाळी मित्राचा फोन आला. तो दर रविवारी यायचा.

“मांडव कसा हाय?”

“ठीक आहे,” मी म्हणालो.

दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काम करताना मी एकाच सूत्राकडून आलेली बातमी दुसरीकडे विचारल्याशिवाय सोडत नसे. त्यावरून तो मला पुष्कळ बोलायचा. फोटो समोर असतानाही तू ठाणे अंमलदाराला फोन करतोस, असं म्हणायचा. ठीक आहे हे दोन शब्द मी कसलीही खात्री न करता दिले. खरं म्हणजे खात्री करूनच दिले, आणि ते खोटे होते. पुढचे चार महिने दर रविवारी तो तेच विचारत राहिला आणि मी तेच सांगत राहिलो.

सप्टेंबरपासून मी दुरुस्तीला लागलो. कोरड्या मऊ ब्रशने आधी बुरशी झाडली, तोंडाला रुमाल बांधून. मग कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, स्पंज, हलका हात. मग पाण्यात व्हिनेगर मिसळून डागांवर लावलं, अर्धा तास ठेवून धुतलं. हे चार वेळा केलं. प्रत्येक वेळी कापड दोन दिवस वाळवलं. डाग फिके झाले, गेले नाहीत. मी कापड ताडपत्रीवाल्या गृहस्थांकडे नेलं. त्यांनी मला ओळखलं.

“वो दूसरे साब किधर हैं?”

मी सांगितलं. त्यांनी कापड उलटं करून डागांवर नख फिरवलं.

“दाग नई जाते साब,” ते म्हणाले. “बदबू जाती. कपडा मजबूत है, चलता.”

त्यांनी दोन ठिकाणी शिवण घट्ट करून दिली आणि मेणाचा तुकडा कागदात बांधून दिला. लेपाचे दोन हात मी घरी दिले. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंब घरंगळले. डागांवरूनही घरंगळले. नोव्हेंबरच्या शेवटी छत शाबूत होतं, फक्त दिसायला तसं नव्हतं.

जानेवारीत तो आला की वर पाहील आणि दिसेल, हे मला माहीत होतं. समोरासमोर सांगायचं असं मी ठरवलं होतं. मुलाने तिकिटं काढली होती. मी गाडीत चाकाच्या खुर्चीसाठी फळी बसवून घेतली, तिचा उतार स्वतः चालून तपासला. दोन खुर्च्या, पाण्याचे दोन कॅन, त्याला आवडते म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

निघण्याच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. वडील न्हाणीघरात घसरले होते. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं.

“काका, या वर्षी नको,” तो म्हणाला. “बाबांना मी सांगितलंय. ते बोलत नाहीयेत कुणाशी.”

“बरं,” मी म्हणालो.

गाडी भरलेली होती. ठरलेल्या दिवशी सकाळी मी एकटाच निघालो. दुसरी खुर्ची उतरवून ठेवायला हवी होती. ती आतच राहिली. जेऊरला चहा घेतला. नऊच्या सुमारास पाण्याशी पोचलो. पाणी ओसरलेलं होतं, चिखलाचा पट्टा रुंद होता आणि त्याच्या पलीकडे रोहित होते. किती ते मोजले नाहीत. ते काम त्याचं.

म्हशी घेऊन आलेल्या एक बाई लांब उभ्या राहून माझं चालणं बघत होत्या. पुढे, मागे, पुढे, मागे. बऱ्याच वेळाने त्या जवळ आल्या.

“काय हरवलंय व्हय, दादा?”

“नाही. छत लावतोय.”

“एकलंच?”

“हो.”

त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. “मग खुर्च्या दोन कशापायी?”

“एकजण येणार होते.”

“मानसं म्हनत्यात येतो,” त्या म्हणाल्या आणि म्हशींकडे वळल्या. “म्हसरं बरी. हाकलली की येत्यात.”

अडतीस मिनिटांत छत उभं राहिलं. एकट्याने लागलेला हा सगळ्यात कमी वेळ. मी एक खुर्ची काढली, मग दुसरी काढून शेजारी ठेवली, कारण ती आत असल्यामुळे शेगडीपर्यंत हात पोचत नव्हता.

साडेदहाला मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. आधी मुलाचा अंगठा दिसला, मग उशी, मग तो. डाव्या गालावर खरचटलेलं होतं.

“कुठं हाय तू?”

“उजनीला.”

“एकटाच गेला?” त्याच्या आवाजात राग होता की नाही हे मला ठरवता आलं नाही. “दाखव.”

मी मोबाईल पाण्याकडे केला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, “मांडव दाखव.”

मी मोबाईल वर केला. कॅमेऱ्यात सगळ्यात आधी डागच आले. उन्हामुळे खालून ते जास्त स्पष्ट दिसत होते.

“ते काळं काय हाय?”

“बुरशी.”

“कधीची?”

“ऑगस्टची. ओलं गुंडाळलं आणि बावीस दिवस उघडलं नाही.”

“आन मला दर ऐतवारी ठीक हाय म्हनत होतास.”

“हो. चुकीची बातमी दिली.”

त्याच्या तोंडाची उजवी बाजू हलली.

“खुलासा छापा मग, उपसंपादक.”

“कुठे छापू?”

“आतल्या पानावर, खाली, बारीक चौकटीत. तुमी तितंच छापता की नेहमी.” तो हसला आणि त्याला खोकला आला. मुलाचा हात आला, पाणी आलं, गेलं. पुन्हा तो दिसला तेव्हा पडद्याला अगदी जवळ येऊन पाहत होता.

“पाय सपाट हायत,” तो म्हणाला.

मी पाहिलं. दोन्ही पाय एका उंचीला होते. आळीपाळीने एक वीत सरकवत आणताना ते तसेच आले होते आणि मी उतार द्यायला विसरलो होतो.

“मागचा पाय दोन बोटं खाली घे.”

“पाऊस नाही.”

“मी विचारलं का तुला?”

मोबाईल दुसऱ्या खुर्चीवर टेकवून ठेवला, त्याला मागचा पाय दिसेल असा. स्क्रू सैल केला. पाय नळीत सरकू लागला.

“आजून,” खुर्चीवरून आवाज आला. “आजून थोडं. आगू.”

मी थांबलो. स्क्रू घट्ट केला. बोटं लावून पाहिली, दोन होती.

“आता फोन तसाच राहू दे,” तो म्हणाला. “मला पाण्याकडं तोंड करून ठिव.”

मी खुर्ची वळवली. मोबाईल पाठीला टेकवला. आता त्याला पाणी दिसत होतं आणि मला मोबाईलची पाठ. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. एकदा तो म्हणाला, “उडतील आता,” आणि थोड्या वेळाने थवा खरोखर उठला, वळसा घेऊन परत त्याच चिखलात उतरला. भाकरी खाल्ली. त्याला दिसू नये म्हणून जरा बाजूला वळून खाल्ली.

बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी वाकून पडद्याकडे पाहिलं. तो झोपला होता, तोंड थोडं उघडं. मुलगा खोलीत नसावा. मी फोन बंद केला नाही. सावली सरकत गेली तशी मी दोन्ही खुर्च्या दोनदा सरकवल्या. एकच्या सुमारास चार्जिंग संपलं आणि पडदा आपोआप काळा झाला.

तीनला वारा सुटला. वारा वाढण्याआधी छत उतरवावं हा दुसरा नियम. मी कापडाला खालून आणि वरून हात लावून पाहिला, कोरडं होतं. दांडे काढले. पुढच्या टोकाला अर्धा वेढा दिला, चालत मागे गेलो, अर्धा वेढा दिला. वाऱ्यामुळे या वेळी जास्त फेऱ्या लागल्या. मोजल्या नाहीत. शेवटच्या हातभर कापडाला मागचं टोक पुढे गेलं, घडी पडायला लागली, आणि मी मोठ्याने आगू म्हणालो. म्हशी घेऊन परत निघालेल्या बाईंनी वळून पाहिलं. मी ते टोक अर्धा वेढा मागे घेतलं आणि पुढच्या टोकाकडे गेलो.

पिशवीची चेन लागली. पुढची तारीख वहीत लिहिली, महिन्यानंतरची, रविवार टाळून. रविवारी त्याचा फोन असतो, त्याच्या आधी उघडून पाहिलेलं बरं.